फुकट दवाखान्याची फी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांच्या टेबलाच्या कडेला म्हणे एक पत्र्याची डबी असायची. ज्याला जमेल त्याने जमेल ते टाकायचं, डॉक्टरांनी तिकडे बघायचं नाही. आज दुपारी जेवताना संयोजकांनी मला हे सांगितलं. मी लगेच विचारलं, ज्याच्याकडे काहीच नसायचं तो काय करायचा? तर म्हणाले, तोही डबीत हात घालून यायचा, रिकामा.

मी ज्या दवाखान्यांविषयी बोलणार आहे तिथे डबी नसते. फी शून्य, तपासण्या शून्य, औषधं बहुतेक वेळा शून्य. संयोजकांनी पत्रात विषय सुचवला होता, ‘अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांची निःस्वार्थ सेवा’. त्यातला ‘निःस्वार्थ’ हा शब्द खोडून मी पत्र परत पाठवलं. उद्धटपणा झाला खरा. पण तो शब्द राहिला असता तर पुढचा तासभर मला खोटं बोलावं लागलं असतं.

मी मूळची याच जिल्ह्यातली. एमबीबीएस महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजात, मग अमेरिकेत रेसिडेन्सी, आणि पुढची सव्वीस वर्षं कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, मेडिसिनची प्रॅक्टिस. त्यांतली शेवटची अकरा वर्षं महिन्यातला एक शनिवार मी विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात काढला.

तो शनिवार आधी तुमच्या डोळ्यांपुढे उभा करते. सकाळचे साडेआठ. जागा दुसऱ्याच कुणाची तरी, शनिवारी रिकामी असते म्हणून मिळालेली. दारात टेबल टाकून अठरा-वीस वर्षांची मुलं बसलेली. यांना अजून मेडिकलला प्रवेशही मिळालेला नाही; अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल. हीच मुलं केसपेपर काढतात, रक्तदाब मोजतात, दुभाष्याचं काम करतात. आत मेडिकलची पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं, आणि त्यांना सांभाळायला तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं एखादं. पेशंट आधी त्यांच्या ताब्यात. ती पाऊण तास प्रश्न विचारतात, छातीला नळी लावतात, पुन्हा लावतात. मग बाहेर पॅसेजमध्ये येऊन ‘अटेंडिंग’पुढे, म्हणजे माझ्यासारख्या लायसन्सवाल्या डॉक्टरपुढे, केस मांडतात. मी चार प्रश्न विचारते, दोनांची उत्तरं येत नाहीत, ती विचारायला पुन्हा आत जातात. शेवटी मी जाते, स्वतः तपासते, ठरवते, सही करते. कायद्याने जबाबदारी माझी.

तेव्हा ‘विद्यार्थ्यांनी चालवलेला दवाखाना’ म्हणजे विद्यार्थ्यांनी परस्पर डॉक्टरकी करण्याचा दवाखाना नव्हे. चालवणं विद्यार्थ्यांचं: पैसे उभे करणं, औषधांचा साठा, लॅबशी बोलणी, फोन, तारखा, दुभाषे, आणि पेशंटला पुढे कुठे पाठवायचं याची शोधाशोध. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली आलेल्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मेडिकल कॉलेजांत असा निदान एक दवाखाना होता. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये माउंट सायनाय कॉलेजचा आहे, २००४ पासून. न्यू हेवनमध्ये येलचा ‘हेवन’ आहे. सॅन डिएगोत एलन बेक या फॅमिली डॉक्टर बाईंनी विद्यार्थ्यांबरोबर १९९७ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे.

माझ्या खाजगी प्रॅक्टिसमध्ये जी व्हिजिट पंधरा मिनिटांत संपायची तिला इथे अडीच-तीन तास लागायचे. हा आकडा लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता तुम्ही विचाराल, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात शनिवारी फुकट दवाखान्यापुढे रांग कशासाठी? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिथल्या सरकारने पगारवाढ गोठवली. कामगार टिकवायला कारखानदारांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला. पुढे करसवलतीने ही तात्पुरती सोय कायमची झाली, आणि विमा नोकरीला चिकटला. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. २०१० चा ओबामांचा कायदा आला, त्याने कोट्यवधींना विमा मिळवून दिला. तरी २०२३ मध्ये अडीच कोटींहून जास्त माणसं विम्याविना होतीच. ही भीक मागणारी माणसं नव्हेत. घरांवर छपरं घालणारे, हॉटेलच्या मागच्या बाजूला भांडी घासणारे, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाया. सगळी कामावर असतात, फक्त विमा देणाऱ्या कामावर नसतात. त्यांतल्या कित्येकांपाशी कागदपत्रं नाहीत, म्हणून ओबामांच्या कायद्याचं दारही त्यांना बंद.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकजण मुलाकडे न्यू जर्सीला किंवा टेक्ससला सहा महिने राहून आले असतील. निघण्याआधी मुलाने व्हिजिटर इन्शुरन्स घेतला होता, तरी बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या बांधून नेल्या होत्या की नाही? आणि तिथे पायऱ्या उतरताना एरवीपेक्षा जपून उतरला होता की नाही? हसताय म्हणजे उतरला होता. तसं जपून उतरत आयुष्य काढायचं, याला तिथे अनइन्शुअर्ड म्हणतात.

१९८६ चा एक कायदा असा आहे की इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही हॉस्पिटलने तपासलं पाहिजे, जिवावरचा धोका टळेपर्यंत बघितलं पाहिजे, खिशात पैसे असोत-नसोत. चांगला कायदा. पण त्याचा अर्थ काय होतो? मधुमेहाने पाय कापावा लागेल इतका सडला की दार उघडं. तो सडू नये म्हणून रोज लागणारी गोळी मात्र ज्याची त्याने बघायची. विद्यार्थ्यांचा दवाखाना त्या गोळीच्या आणि त्या पायाच्या मधल्या जागेत उभा असतो.

ही कल्पना मुलांना कॉलेजने दिली नाही, रस्त्याने दिली. ७ जून १९६७ रोजी डेव्हिड स्मिथ या तरुण डॉक्टराने सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात फुकट दवाखाना उघडला. तो हिप्पींचा उन्हाळा. पोरं नशेने आणि तापाने रस्त्यावर पडलेली, आणि हॉस्पिटलं त्यांना दारात उभी करत नव्हती. १९७० मध्ये कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या सगळ्या शाखांना फुकट दवाखाने काढायला सांगितलं. पँथर म्हटलं की आपल्याकडे दलित पँथर आठवते, आणि नाव तिथूनच आलेलं आहे. पण त्या मूळच्या पँथरांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्या केल्या होत्या हे फारसं कुणी सांगत नाही. सिकलसेल गडचिरोली-नंदुरबारला काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

सॅक्रामेंटोत ही लाट लगेच पोचली. यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तिथे एक नव्हे, दवाखान्यांचं अख्खं खटलं उभं केलं, आणि बहुतेक प्रत्येक दवाखाना एकेका समाजाचा. आशियाई लोकांसाठी १९७२ पासून पॉल होम क्लिनिक. स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी १९७४ पासून क्लिनिका तेपाती. हे नाव मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतलं. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ‘इमानी’, म्हणजे स्वाहिलीत श्रद्धा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या फिलिपिनो म्हाताऱ्यांच्या सेवेतून निघालेलं ‘बायानिहान’. खेड्यात एखाद्याचं घर सगळ्यांनी मिळून खांद्यावर उचलून हलवायचं, त्या रीतीचं ते नाव. आणि १९९४ पासून ‘शिफा’, मशिदीच्या आधाराने उभं राहिलेलं, जिथे आपल्या उपखंडातली माणसं जास्त. अशी वेगवेगळी चूल कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पहिल्याच शनिवारी उत्तर मिळालं. पोटात ‘आग पडते’ म्हणणाऱ्या माणसाला काय होतंय हे दुभाष्याला कळून उपयोग नाही, ते ऐकताना त्याला स्वतःची आजी आठवावी लागते.

माझी एक पेशंट फिजीची होती. सॅक्रामेंटोत फिजीहून आलेले भारतीय वंशाचे लोक खूप आहेत. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर गिरमिटाने नेलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. ती लोकांची घरं साफ करायची. शुगर तीनशेच्या पुढे. तिची हिंदी मला अर्धी समजायची, माझी तिला अर्धी, आणि उरलेलं विद्यार्थी इंग्रजीत गोळा करायचे. तिच्याकडे कागद होते का, हे मी कधी विचारलं नाही. त्या दवाखान्यात कुणीच विचारत नाही.

आता मी खोडलेल्या शब्दाकडे येते.

माझ्या तिसऱ्या वर्षाला, इथल्या कॉलेजात, वॉर्डात मलेरियाचा एक पेशंट होता. त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत वाढलेली. अशी पानथरी परीक्षेला आली तर सोनं. आम्ही अकराजण होतो. सर म्हणाले, एकेकजण या, हात लावून बघा. अकरा थंड हात एका तापलेल्या माणसाच्या बरगडीखाली एकामागून एक घुसले. त्याला कुणी विचारलं नाही. सातवी मी. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पंख्याकडे बघत होता. मला त्याचं नाव आठवत नाही, पण बोटांना ती पानथरी अजून आठवते. पुढे अमेरिकेत एका मुलीची वाढलेली पानथरी मी स्कॅनच्या आधी हाताने ओळखली आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ते कौतुक कुणाचं होतं, सांगा.

जगभर डॉक्टर असेच तयार झाले आहेत. फिलाडेल्फियात १७८६ मध्ये गरिबांसाठी डिस्पेन्सरी निघाली. पैसे देणाऱ्या एखाद्या सभ्य गृहस्थाची शिफारस आणली की तपासणी फुकट, आणि तरुण डॉक्टरांना हात बसवायला माणसं मिळत. विल्यम ऑस्लर यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यक पुस्तकातून काढून खाटेपाशी नेलं म्हणून आपण त्यांना मानतो, आणि मानावंच. पण त्या खाटा मुख्यतः जनरल वॉर्डातल्या होत्या. ज्याला पैसे देता येतात त्याला अनुभवी हात मिळतो. ज्याला देता येत नाहीत, त्याच्यावर हात अनुभवी होतो. त्याने फी भरली नाही असं आपण म्हणतो, कारण पावती फाडलेली नसते.

विद्यार्थ्यांचा दवाखाना याच वंशातला आहे. त्याचे चालक हे जाणतात, निदान त्यांतले शहाणे. म्हणून पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मी विद्यार्थिनी आहे, मी आधी तपासलं तर चालेल का? मला हे वाक्य फार आवडायचं. मग एकदा लक्षात आलं, की ‘नाही’ म्हणणाऱ्याला दुसरीकडे जायला जागाच नसेल तर विचारणं म्हणजे नुसती सभ्यता. सभ्यतासुद्धा काही कमी नाही. माझ्या पानथरीवाल्याला तीही मिळाली नव्हती.

आणि मुलांचा स्वार्थ? उघड आहे. मेडिकलच्या प्रवेशअर्जात ‘वंचितांसाठी काम’ असा रकाना भरायचा असतो. काही मुलं रकाना भरला की दिसेनाशी होतात. मी पहिल्यांदा चिडायचे, नंतर सोडून दिलं. स्वार्थासाठी आलेल्या पोराने जर आठ शनिवार नीट रक्तदाब मोजला, तर पेशंटला त्याच्या हेतूशी काय करायचंय? माझी तक्रार वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. मुलं दर वर्षी बदलतात आणि पेशंट तोच राहतो. फिजीच्या बाईला दर ऑगस्टमध्ये नवा चेहरा भेटायचा, आणि ती पहिल्यापासून सांगायला लागायची: गर्भारपणात शुगर निघाली, मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, रक्त काढायचं तर डाव्या हाताची शीर घे, उजवी फसवते. त्या दवाखान्याचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर होतं, पण आठवण तिच्याकडे होती. एका पोराने उजव्या हातात तीनदा सुई घातली. चौथ्या वेळी तिने स्वतःच डावा हात पुढे केला, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

हे सगळं असूनही काम चांगलं होतं का? होतं. मधुमेहासारख्या सावकाश चालणाऱ्या आजाराला वेळ लागतो, आणि विद्यार्थ्यांकडे वेळच असतो. मी सही करताना ‘आहार समजावला’ असं लिहून मोकळी होत असे. एका मुलीने फिजीच्या बाईशी तासभर बोलून शोधून काढलं, की बाई सकाळची इन्सुलिन घेतच नाही, कारण शिडीवर चढून खिडक्या पुसताना साखर उतरून चक्कर येईल ही भीती. ते मला पाच वर्षांत कळलं नव्हतं.

इन्सुलिनचा विषय निघालाच म्हणून सांगते. ज्यांच्या नावावर त्याचं पेटंट होतं त्यांनी १९२३ साली ते टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. १९९६ मध्ये ह्युमॅलॉग या नव्या इन्सुलिनची बाटली अमेरिकेत २१ डॉलरला होती. वीस-बावीस वर्षांत तीच बाटली २७५ च्या आसपास गेली. २०२३ मध्ये कंपनीने किंमत उतरवली, आरडाओरडा झाल्यावर. मधल्या वर्षांत आमची मुलं फोनवर कंपन्यांच्या सवलत योजनांचे फॉर्म भरत बसायची. विसाव्या वर्षी औषधशास्त्र शिकायच्या आधी ती औषधाचं अर्थशास्त्र शिकली.

पण दवाखान्याची भिंत जिथे संपते तिथे काय, हे पाहायचं तर टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन बेटावर जावं लागेल. तिथलं मेडिकल कॉलेज १८९१ चं, राज्यातलं सर्वांत जुनं, आणि त्याचं हॉस्पिटल पिढ्यान्‌पिढ्या गरिबांचं. सप्टेंबर २००८ मध्ये आइक चक्रीवादळाने ते बुडवलं. पुन्हा उभं राहिलं तेव्हा गरिबांच्या फुकट उपचारांना मोठी कात्री लागलेली होती. विद्यार्थ्यांचा सेंट व्हिन्सेंट दवाखाना मात्र चालू होता. म्हणजे निदान करणारी जागा राहिली, उपचार करणारी गेली. तिथे विद्यार्थिनी असलेल्या रेचल पीअरसन यांनी आधी लेखातून आणि मग २०१७ च्या पुस्तकातून हे लिहिलं: कॅन्सर आहे हे सांगता येतं, पण पाठवायला जागा नाही, अशा वेळी शिकाऊ डॉक्टर काय शिकतो? त्यांनी स्वतःच्या चुकाही लपवल्या नाहीत. मला वाटतं, या दवाखान्यांविषयी जे काही लिहिलं गेलं त्यात हे पुस्तक सर्वांत अस्वस्थ करणारं आहे, कारण ते टाळ्या मागत नाही. टेक्ससने ओबामांच्या कायद्याखाली मेडिकेड वाढवायचं नाकारलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा राज्यांना दिली होती. बिनविम्याच्या लोकांचं प्रमाण आजही सर्वांत जास्त त्याच राज्यात आहे.

फुकट दवाखान्याचं आणखी एक संकट असतं, ते त्याच्या यशाचं. एखादा आमदार येतो, मुलांबरोबर फोटो काढतो, आणि म्हणतो, बघा, समाज आपली काळजी आपण घेतो, सरकारने कशाला पडायचं? मी त्या फोटोत एकदा उभी राहिले आहे. दुसऱ्यांदा राहिले नाही.

कॅलिफोर्नियात उलटं घडलं, काही काळ तरी. राज्याने आपलं मेडिकेड, त्याला तिथे मेडी-कॅल म्हणतात, कागदपत्रं नसलेल्यांनाही टप्प्याटप्प्याने खुलं केलं. आधी मुलं, मग तरुण, मे २०२२ मध्ये पन्नाशीपुढचे, आणि जानेवारी २०२४ मध्ये उरलेले सगळे. त्या वर्षी आमच्या शनिवारच्या खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. विद्यार्थ्यांची बैठक झाली: आता आपण काय करायचं? एक मुलगी म्हणाली, बंद करायचं. सगळे तिच्याकडे असे बघायला लागले, जशी काही ती देवळाला कुलूप लावायला सांगते आहे. माझं मत तिच्या बाजूचं होतं, पण मी गप्प बसले. बंद केलं नाही, आणि ते बरंच झालं म्हणायचं. कारण पुढच्याच वर्षी तिजोरीत खड्डा पडला, आणि जानेवारी २०२६ पासून कागदपत्रं नसलेल्या मोठ्या माणसांची नवी नोंदणी राज्याने थांबवली. आधी आत गेले ते आत. मागून आलेले बाहेर.

फिजीच्या बाई त्या दोन वर्षांच्या फटीतून आत गेल्या होत्या. माझ्या शेवटच्या शनिवारी त्या आल्या, पण पेशंट म्हणून नव्हे. शेजारच्या एका नव्याने आलेल्या बाईला घेऊन आल्या होत्या, तिच्याकडे कार्ड नव्हतं. मी विचारलं, नवा डॉक्टर कसा आहे?

“अच्छा है दीदी. बारह मिनट में छोड़ देता है.”

सकाळी जाऊन दहा वाजेपर्यंत त्या कामावर पोचत होत्या. आमच्याकडे यायच्या तेव्हा त्यांची शनिवारची दोन घरं सुटायची, आणि अकरा वर्षांत त्या हे एकदाही बोलल्या नव्हत्या. मीही कधी हिशेब केला नव्हता.

दारातल्या पोराने शेजारणीचं नाव लिहून घेतलं. वेटिंगमधल्या खुर्चीवर बसवून बाई तिला समजावत होत्या: तेच तीनदा विचारतील, तीनदा सांगायचं, चिडायचं नाही, मुलं शिकतायत. डावा हात द्यायचा. मग त्यांनी तिची पिशवी उघडून पाहिली, आणि डबा आणला आहेस ना, असं विचारलं.